समोरून आवाज येतोय? आधी कारण शोधा, मग पार्ट बदला



"भाऊ, समोरून आवाज येऊन राह्यला." वाशिम जिल्ह्यातल्या कुठल्याही गॅरेजवर अर्धा तास उभे राहा, हे वाक्य ऐकायला मिळेलच. त्यावर ठरलेलं उत्तर येतं, "शॉकअप गेले भाऊ, टाकून घ्या." शॉकअप टाकले जातात, पैसे जातात, आणि दोन दिवसांनी रिसोडच्या रस्त्यावर तोच आवाज पुन्हा सुरू होतो. मग बुश, मग टाय रॉड. शेवटी कळतं की यू-बोल्ट ढिला होता आणि पान्याचे चार आटे दिले असते तरी काम झालं असतं.

धंदा शिकवताना आपण मार्केटिंग, जीएसटी, कर्ज यावर खूप बोलतो. पण जुनी पिकअप घेऊन मालवाहतूक करणारा असो, किराणा-भाजीपाल्याची सप्लाय करणारा असो, की मांडव-डेकोरेशनवाला असो, त्याचं सगळ्यात मोठं भांडवल दारात उभं असतं. ते भांडवल आवाज करून काही सांगत असेल तर तो आवाज वाचता आला पाहिजे. मेकॅनिक व्हायचं नाही आपल्याला. मेकॅनिकसमोर उभं राहून "डावीकडचा खालचा बॉल जॉइंट बघा, प्ले आहे" एवढं सांगता आलं पाहिजे. आजचा लेख त्यासाठी.

आपल्या भागात समोरचंच काम जास्त का निघतं?

पहिलं कारण जमीन. आपली काळी कापसाची माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. तिच्यावरचा रस्ता लाटांसारखा वर-खाली होतो, कडा तुटतात. गावरस्त्यावर चाक सतत धक्के खातं.

दुसरं कारण चिखल. शेतातून माल काढताना काळी माती समोरच्या सांध्यांवर बसते, वाळून सिमेंटसारखी होते. ती ओल धरून ठेवते, चिरा झाकते आणि रबरी बूट फाटला असेल तर आत शिरून ग्रीसमध्ये मिसळते. ग्रीस आणि माती एकत्र आली की पॉलिश पेपर तयार झाला समजा.

तिसरं कारण सीझन. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन, जानेवारी-फेब्रुवारीत तूर, पुढे उन्हाळ्यापर्यंत हळद आणि लग्नसराई. या दिवसांत गाडी थांबवायची कुणाची तयारी नसते. माल जास्त, फेऱ्या जास्त आणि "सीझन झाल्यावर बघू" हे वाक्य ठरलेलं.

त्यात आता समृद्धी महामार्ग. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला. हा रस्ता आपल्या कारंजा, मंगरुळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जातो. गावरस्त्यावर ताशी ३० च्या वेगाने चालणारी गाडी तिथे एकदम ८० ने पळते. ३० च्या वेगाला नुसती घरघर करणारं बेअरिंग ८० ला तापतं. म्हणून जुन्या गाडीचा आवाज आता जास्त गांभीर्याने घ्यावा लागतो.

आधी वाकून बघा, समोर पाटे आहेत की कॉइल?

हे माहीत नसेल तर पुढचं सगळं गोंधळाचं होईल. छोटा हत्ती, म्हणजे २००५ मध्ये आलेली टाटा एस, हिच्या समोर सलग ॲक्सल आणि पाटे आहेत. मारुती सुपर कॅरीला समोर कारसारखा स्ट्रट आहे, म्हणजे कॉइल स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र. बोलेरो पिकअप, योद्धा अशा गाड्यांत मॉडेल आणि वर्षानुसार फरक सापडतो. म्हणून कुणाला विचारत बसू नका, वाकून बघा.

समोर पाटे असतील तर संशयित हे: पाट्याचे आणि शॅकलचे बुश, यू-बोल्ट, सेंटर बोल्ट, तुटलेला पाटा, किंगपिन. कॉइल असेल तर बॉल जॉइंट, कंट्रोल आर्मचे बुश, स्टॅबिलायझर लिंक, स्ट्रट असल्यास त्याचं वरचं माउंटिंग. दोन्हींत सारखे: शॉकअप आणि त्याचे रबर, टाय रॉडचे एंड, चाकाचं बेअरिंग.

आवाजाची वही: पाच प्रश्न

गॅरेजला जाण्याआधी वहीत किंवा मोबाइलवर ही पाच उत्तरं लिहा.

१. आवाज कधी येतो? खड्ड्यात, ब्रेक मारताना, वळताना, की सरळ रस्त्यावर वेगात?
२. कोणत्या बाजूने? काच खाली करून भिंतीच्या कडेने हळू गाडी न्या, आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि बाजू कळते.
३. गाडी रिकामी असताना की भरलेली असताना?
४. सकाळी थंड गाडीला, की चालून तापल्यावर? पावसात कमी होतो का?
५. कधीपासून? एखाद्या कामानंतर सुरू झाला का?

पाचवा प्रश्न लोक विसरतात. टायर बदलल्यानंतर आवाज सुरू झाला असेल तर आधी चाकाचे नट बघा. ब्रेकचं काम झाल्यावर सुरू झाला असेल तर ब्रेक पॅड नीट बसलेत का ते बघा.

आणि हो, खोटे आवाज आधी बाजूला काढा. जॅक, पाना, स्टेपनी, बॅटरीचा पत्रा, बॉनेटचं लॉक, फाळक्याची साखळी. हे सगळं काढून किंवा घट्ट करून एक चक्कर मारा. निम्म्या वेळा इथेच प्रश्न मिटतो आणि खर्च शून्य.

कोणता आवाज काय सांगतो?

ठकठक, छोट्या खड्ड्यांवर, कमी वेगात: झिजलेला सांधा किंवा बुश. शॅकल बुश, शॉकअपचं रबर, स्टॅबिलायझर लिंक, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड यांपैकी कुणीतरी.

एकच 'टक्', ब्रेक मारताना किंवा गाडी उचलताना: काहीतरी पुढे-मागे सरकतंय. ढिला यू-बोल्ट, तुटलेला सेंटर बोल्ट, पाट्याचा किंवा आर्मचा बुश, नाहीतर ब्रेकचा पॅड.

कुरकुर, जुन्या पलंगासारखी: कोरडा बुश किंवा पाट्यात पाटा घासतोय. संशय असलेल्या एकाच बुशवर पाणी ओता आणि गाडी हलवा. आवाज थोडा वेळ थांबला तर आरोपी सापडला. नाही थांबला तर पुढच्या बुशवर.

घरघर, वेगासोबत वाढणारी: चाकाचं बेअरिंग किंवा उंच-सखल झिजलेला टायर. मोकळ्या रस्त्यावर हळुवार वळण घ्या. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो. तेव्हा घरघर वाढली तर उजवं बेअरिंग बघा. उजवीकडे वळताना वाढली तर डावं.

धडाम, मोठ्या खड्ड्यात: शॉकअप मेलेले, पाटा तुटलेला किंवा बंप स्टॉपरचं रबर गायब. लोखंडावर लोखंड आपटतंय.

घरच्या अंगणात करायच्या पाच चाचण्या

सुरक्षितता आधी. सपाट, टणक जागा. हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. जॅकने उचलली की खाली घोडी लावायचीच. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, एक मिनिटासाठीही नाही. आणि सोबत एक माणूस हवाच.

चाचणी १: डोळ्याने बघा. आधी चिखल धुवा. मग बघा, शॉकअपवर तेल ओघळलंय का? रबरी बूट फाटलेत का? पाट्यात चीर आहे का? एक खूण लक्षात ठेवा: नट किंवा बोल्टच्या भोवती लालसर गंजाची पावडर दिसली किंवा घासून चकाकणारी रेघ दिसली, तर तिथे हालचाल होते आहे. जो भाग हलायला नको तो हलतोय.

चाचणी २: दाबून सोडा. बंपरचा एक कोपरा जोरात दोन-तीनदा दाबा आणि सोडा. गाडी एकदा वर येऊन स्थिर झाली पाहिजे. झुलतच राहिली तर शॉकअप कमजोर. पाट्याची गाडी मुळात कडक असते, म्हणून तिच्यात एवढ्यावर निकाल देऊ नका. तेलाची गळती आणि रबर बघूनच ठरवा.

चाचणी ३: चाक वर-खाली हलवा. चाक उचला. घड्याळात १२ आणि ६ असतात त्या जागी हात धरून चाक आत-बाहेर हलवा. टकटक लागली तर सोबत्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग. तरीही राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट. कॉइलच्या गाडीत स्प्रिंग खालच्या आर्मवर टेकलेली असेल तर जॅक त्या आर्मखाली, चाकाजवळ लावा. नाहीतर स्प्रिंगच्या दाबामुळे बॉल जॉइंटचा प्ले लपून राहतो. स्ट्रटच्या गाडीत मात्र चाक मोकळं लटकू द्या.

चाचणी ४: चाक डावी-उजवीकडे हलवा. आता ३ आणि ९ च्या जागी धरा. इथे प्ले लागला तर टाय रॉड एंड किंवा स्टिअरिंगचा सांधा. चाकं जमिनीवर टेकवून दुसरी पद्धत: सोबत्याने स्टिअरिंग थोडं-थोडं डावी-उजवीकडे हलवायचं, तुम्ही बाहेरून एकेक सांधा बघायचा. सांध्याचा एक भाग हलला आणि दुसरा उशिरा हलला, तर तोच.

चाचणी ५: चाक फिरवा. उचललेलं चाक हाताने फिरवा आणि दुसरा हात स्प्रिंगवर किंवा पाट्यावर ठेवा. बेअरिंग खराब असेल तर हाताला खरखर जाणवते, कानाला ऐकू येत नसेल तरी. शिवाय २०-२५ किलोमीटर चालवून आल्यावर दोन्ही चाकांच्या हबजवळ उलटा हात न्या, टेकवू नका. एक बाजू जास्त तापली असेल तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक.

या पाच चाचण्यांना पाऊण तास लागतो. मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. गॅरेजमध्ये तोंडाने सांगण्यापेक्षा तो व्हिडिओ दाखवला की बोलणं लवकर मुद्द्यावर येतं.

काय लगेच, काय थांबून?

खिशात पैसे कमी आणि कामं चार. तेव्हा क्रम असा लावा.

गाडी जागेवर थांबवा: बॉल जॉइंट, किंगपिन किंवा टाय रॉड एंडला स्पष्ट प्ले, तुटलेला मुख्य पाटा, ढिला यू-बोल्ट, तापणारं बेअरिंग, ढिले चाकाचे नट. बॉल जॉइंट किंवा टाय रॉड सुटला तर चाक तुमच्या ताब्यात राहत नाही. इथे भाडं गेलं तरी चालेल.

या आठवड्यात: गळणारे शॉकअप, संपलेले बुश. तोपर्यंत माल कमी, वेग कमी.

पुढच्या सर्व्हिसला: कुरकुर करणारा पण प्ले नसलेला बुश.

काम करून घेताना या गोष्टी पाळा. शॉकअप आणि बुश दोन्ही बाजूंचे एकत्र बदला. टाय रॉड किंवा बॉल जॉइंट बदलला की अलाइनमेंट करा, नाहीतर टायर एका बाजूने खाल्ला जाईल. रबरी बुशचे बोल्ट शेवटचे घट्ट करताना गाडीचं वजन चाकांवर असू द्या. चाक हवेत लटकत असताना घट्ट केले तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. नवे यू-बोल्ट टाकले असतील तर काही दिवस माल वाहून झाल्यावर पुन्हा एकदा घट्ट करून घ्या. आणि पार्ट काढण्याआधी "प्ले दाखवा" म्हणा, काढल्यावर जुना पार्ट परत मागा. चांगल्या मेकॅनिकला याचा राग येत नाही.

एक सवय मात्र सोडा. पाट्यांवर आणि बुशवर जळकं ऑइल किंवा डिझेल मारायची. दोन दिवस आवाज बंद होतो, पण त्या तेलाने रबर फुगून सैल पडतं आणि धूळ चिकटते. रबरी बुशला सिलिकॉन स्प्रे चालतो, निप्पल असलेल्या सांध्याला ग्रीस.

वजनाचा हिशेब आरसी बुकमधून

समोरच्या भागाचा सगळ्यात मोठा शत्रू ओव्हरलोड. आरसीवर दोन आकडे असतात: रिकाम्या गाडीचं वजन आणि एकूण परवानगीचं वजन. समजा ते १,६०० आणि २,९०० किलो आहेत. फरक १,३०० किलो. त्यातून ड्रायव्हर आणि हमालाचे १४० वजा केले की उरले १,१६०. साठ किलोचं पोतं धरलं तर १९ पोती. विसाव्या पोत्याला तुम्ही नियमाबाहेर गेलात.

"सगळेच तीस भरतात" हे मला माहीत आहे. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे. आणि पकडले गेला नाहीत तरी पाटे, बुश आणि बेअरिंग तो दंड हप्त्याहप्त्याने वसूल करतातच. माल भरताना वजन हौद्यात सारखं पसरवा. सगळं मागे टाकलं तर समोरचा भाग हलका होऊन स्टिअरिंग तरंगतं.

देखभालीचा पैसा भाड्यातच धरा

आता धंद्याचा मुद्दा. बहुतेक जण भाडं ठरवताना डिझेल, ड्रायव्हर आणि हप्ता धरतात. झीज धरत नाहीत. मग काम निघालं की उसनवारी.

समजण्यासाठी आकडे धरू, तुमचे तुम्ही टाका. महिन्याला २,००० किलोमीटर, म्हणजे वर्षाला २४,०००. समोरच्या कामाचा वर्षाचा खर्च १८,००० रुपये. भागाकार करा, किलोमीटरला ७५ पैसे. वाशिम ते अकोला जवळपास ८० किलोमीटर, जाऊन-येऊन १६०. म्हणजे त्या एका फेरीत १२० रुपये समोरच्या भागाचे आहेत. ते तुमचे नाहीत, गाडीचे आहेत. रोजच्या रोज वेगळ्या डब्यात किंवा वेगळ्या खात्यात टाका. टायर, ऑइल, बॅटरी यांचाही असाच वेगळा हिशेब करा.

आता उलट बाजू. सोयाबीनच्या सीझनमध्ये गाडी तीन दिवस गॅरेजला उभी राहिली आणि रोजची कमाई २,५०० धरली तर ७,५०० रुपये गेले. टोचनचा खर्च वेगळा. पण खरं नुकसान पुढे आहे. ज्या व्यापाऱ्याचा माल तुम्ही वेळेवर उचलला नाही, त्याने दुसऱ्या गाडीचा नंबर सेव्ह केला. तो नंबर पुढच्या वर्षी पहिला लागतो.

गाडीची खांदेमळणी

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांची खांदेमळणी करतो. वर्षभर ज्या खांद्यावर जू ठेवलं, त्याला हळद-तूप लावून चोळतो. पिकअपचा समोरचा भाग हा तिचा खांदाच आहे. पोळा झाला की महिना-दीड महिन्यात सोयाबीनचा सीझन सुरू. म्हणून वर्षातली मोठी तपासणी पोळ्यालाच ठेवा. तारीख विसरायचा प्रश्नच नाही.

बाकीचं वेळापत्रक असं:

रोज, तीन मिनिटं: चाकाचे नट, टायरची हवा, गाडीखाली तेलाचा डाग. नटावर आणि रिमवर मिळून पेंटची एक सरळ रेघ मारून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला.

आठवड्याला: समोरचा भाग धुणं. प्रेशरचं पाणी थेट रबरी बुटावर मारू नका.

महिन्याला: चाचणी १ आणि यू-बोल्टवर पाना. ग्रीसिंग कंपनीच्या पुस्तकात लिहिलेल्या अंतराप्रमाणे. चिखलातून गाडी गेली असेल तर त्याआधीच. जुनं मळकं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत पंप मारा.

पोळ्याला आणि फिटनेसच्या आधी: पाचही चाचण्या. मालवाहू गाडीला ८ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस लागतं. ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

जुनी पिकअप घ्यायला निघालात?

मग या पाच चाचण्या सौदा करायच्या आधी करा. विकणारा "फक्त आवाज आहे, बाकी गाडी कडक" म्हणाला तर जॅक काढा. टायर एका बाजूने खाल्लेला असेल तर विचारा का. पाट्यांत एखादा नवा, बाकी जुने दिसले तर गाडी ओव्हरलोड चालली असण्याची शक्यता मोठी. सापडलेल्या प्रत्येक कामाचा भाव दोन दुकानांत विचारा आणि तो किमतीतून वजा करून बोला. एमएच ३७ असो की बाहेरची पासिंग, फिटनेस, विमा आणि बँकेचा बोजा परिवहनच्या ॲपवर स्वतः तपासा.

मित्रांनो, या आठवड्याचा गृहपाठ सोपा आहे. रविवारी सकाळी गाडी धुवा, सोबत एक जण घ्या, पाच प्रश्न लिहा, पाच चाचण्या करा. काय सापडलं ते कमेंटमध्ये टाका: गाडी कोणती, किती किलोमीटर चालली, आवाज कसा आणि कारण काय निघालं. तुमचं उत्तर वाचून दुसऱ्या एखाद्याचे शॉकअपचे पैसे वाचतील.

भेटू पुढच्या व्हिडिओत. गाडी जपून चालवा, हिशेब लिहून ठेवा.